सहाशे सहासष्ट आणि वरचे चौतीस

४ फेब्रुवारी, मंगळवार

कागदवाला दरवर्षी डायरी देतो. दरवर्षी मी पहिल्या पानावर नाव घालतो आणि पुढे मिस्त्री तीत रद्दीची वजनं लिहितो. या वर्षी म्हटलं, आपणच लिहू. कारण एकतीस वर्षं पुठ्ठ्याची खोकी बनवतोय, पण आजच्यासारखी ऑर्डर कधी आली नव्हती.

साडेअकराला तिशीतला एक माणूस आला. पायापासून डोक्यापर्यंत काळ्या कपड्यांत. कमरेपर्यंत केस, आणि ते आमच्या हिच्यापेक्षा चांगले धुतलेले. हातावर कवट्या गोंदलेल्या. मिस्त्रीने हळूच हातोडी जवळ ओढली. पण बोलला इतक्या मऊ आवाजात की ऐकू यावं म्हणून मला मशीन थांबवावी लागली.

"काका, आमच्या बँडच्या रेकॉर्डसाठी खोकं हवंय. आत थाळीएवढी काळी तबकडी बसेल असं."

"गाणी कसली?"

"एक्स्ट्रीम मेटल."

"म्हणजे?"

"काका, रागावलेल्या माणसांची गाणी. पण माणसं चांगली आहेत."

हा त्यांच्यातला ढोल वाजवणारा. मी त्याला लगेच ढोलकीवाला करून टाकलं. त्यालाही चाललं.

खोकं काळं. त्यावर काळ्याच शाईत चित्र: माणसाच्या छातीतून उगवलेली झाडाची मुळं. मी म्हटलं, काळ्यावर काळं छापलं तर दिसणार काय? तर म्हणाला, "दिसायचं नाहीच काका. उजेडात तिरकं धरलं की मगच दिसलं पाहिजे." दिसू नये म्हणून छापून घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं. वर बँडचं नाव. ते वादळात सापडलेल्या बाभळीसारखं काढलंय. मी कागद उलटा धरला, सुलटा धरला.

"हे वाचायचं कसं?"

"वाचायचं नसतं, काका."

खोकी सहाशे सहासष्ट. प्रत्येकावर नंबर. "सरळ सातशे घे की," मी म्हटलं. "नाही, हा सैतानाचा आकडा. आमच्यात हाच चालतो," म्हणाला.

चार वर्षं खपून ही पहिलीच रेकॉर्ड काढलीय. जाताना म्हणाला, "हे लोकांना आवडलं तर पुढे काही. नाहीतर आमचा आवाज सोडून जाणार. आणि आवाजाशिवाय बँड नाही." त्यांच्यात गाणाऱ्याला सगळे 'आवाज'च म्हणतात. मुखवट्याशिवाय कुणासमोर येत नाही म्हणे. मी म्हटलं, आमचा मिस्त्रीही चहाआधी कुणासमोर येत नाही.

"माझं नाव कुणी सांगितलं रे तुला?"

"सांगितलं कुणीतरी," म्हणाला, आणि स्वतःच्या बुटांकडे बघत बसला.

११ फेब्रुवारी

झाकण जमलं. घट्टही नको, सैलही नको. दोन्ही हातांनी उचललं की आतली हवा हळूच सुटते आणि झाकण सावकाश वर येतं. वीस नमुने फेकल्यावर हे साधलं. मिस्त्री म्हणाला, "शेठ, बुटाच्या खोक्याला एवढं कधी केलं नाही." मी म्हटलं, बूटवाल्याने कधी विचारलं नाही.

लेकीचा घसा पुन्हा बसलाय. सव्वीस वर्षांची आहे, बालवर्गाला शिकवते. मी म्हटलं, पोरांवर एवढं ओरडू नये. ही म्हणाली, "ती पोरांवर नाही ओरडत."

"मग कुणावर ओरडते?"

"मी मिठाचं पाणी गरम करते," म्हणाली आणि उठून गेली.

मला एक कळत नाही. शनिवारी-रविवारी शाळा नसते, तरी रविवारी संध्याकाळी घसा सगळ्यात जास्त बसलेला असतो. आठवड्याचा थकवा साचून बाहेर पडत असणार. लहानपणी लेकीचा गळा काय होता! तान्ही होती तेव्हा रडण्याआधी श्वास आत ओढायची, तो मध्येच एकदा अडकायचा, मग पुन्हा ओढायची. तेवढ्यात आम्ही कानांवर हात ठेवायचो. मग जे सुटायचं त्याने चार मजले खाली शेजारी दिवे लावायचे. तो गळा, आणि आता पोरांना 'खाली बसा' म्हणताना बसतो.

१९ फेब्रुवारी

ढोलकीवाल्याने चाचणीची तबकडी आणून दिली. खोक्यात नीट बसते का बघायला. वर कोरा पांढरा कागद, नाव नाही, काही नाही. मी म्हटलं, जे भरायचं ते ऐकल्याशिवाय खोकं बनवणं बरं नाही. माळ्यावरचं तबकड्या वाजवायचं जुनं यंत्र काढलं, पुसलं, जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवून लावलं.

पहिली दोन मिनिटं वाटलं, यंत्र बिघडलं. मग कान टवकारले. धाड, धाड, धाड, आणि चौथा ठोका किंचित लंगडा. पुन्हा तेच. मी उडालोच. ही तर आमची म्हातारी!

म्हातारी म्हणजे माझी पंचिंग मशीन. मी घेतलेली पहिली. पुठ्ठ्याला आकार कापते. तिचा एक दात झिजलाय, म्हणून चौथ्या ठोक्याला लंगडते. मी मुद्दाम बदलत नाही, त्या लंगडीवरून मला आतल्या खोलीत बसून कळतं की काम चालू आहे. हजार मशिनींत ओळखेन.

"म्हातारीचा आवाज यांना मिळाला कुठून?" मी म्हटलं. उद्या मिस्त्रीला विचारायला हवं. कारखान्यात बाहेरचं कुणी येत नाही. दिवाणखान्यात बसून आठवून पाहिलं, गेल्या वर्षभरात सुटीच्या दिवशी चावी मागून गेली ती फक्त लेक, शाळेसाठी रंगीत पुठ्ठ्याचे तुकडे हवे होते म्हणून. तेव्हा मिस्त्रीच. मोबाइलमध्ये काहीतरी उद्योग केला असणार.

मग तो आवाज सुरू झाला. गाणारा. म्हणजे काय सांगू, विहिरीत पडलेला रेडा. मी म्हटलं, "हा माणूस शंभर किलोच्या खाली नाही. दाढी इथपर्यंत. आणि आईवडिलांनी बिचाऱ्यांनी काय काय सोसलं असेल."

लेकीला चहाचा ठसका लागला. ही स्वयंपाकघरात गेली ती दहा मिनिटं आली नाही.

"बाबा, आवडलं का?" लेकीने विचारलं. बसलेल्या घशाने.

"आवडलं नाही. पण खोटं नाही. रडायचं तर असं रडावं." का कोण जाणे, असं म्हणून गेलो. ती बराच वेळ यंत्राकडे बघत होती.

माझे कान शाबूत आहेत. मला कुणी आवाजात फसवू शकत नाही. तबकडी परत द्यायची राहिली, कपाटात ठेवलीय.

२० फेब्रुवारी

मिस्त्री शपथेवर नाही म्हणतो. गंमत म्हणजे हसत हसत नाही म्हणतो.

७ मार्च, शुक्रवार

माल गेला.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. मोजून तेवढंच द्यायचं नाही. हजार मागितले तर हजारावर पन्नास वरचे. वाटेत चेपतात, भिजतात, कुणी त्यावर बसतं. गिऱ्हाइकाला कमी पडलं तर खोकेवाल्याची लाज जाते. मी वडिलांशिवाय, शाळेशिवाय, स्वयंपाकघरात बसून खळ लावत धंदा उभा केला, तो या वरच्यांवर. तेव्हा सातशे केले. सातशेंवर नंबरही टाकले, बिननंबरचं कुठे वेगळं काढायचं. एक नंबरचा नेहमीप्रमाणे नमुन्याच्या फळीवर ठेवला. तिथे एकतीस वर्षांतल्या प्रत्येक कामाचा पहिला नग आहे, आणि फळीवर गेलेलं खोकं आजवर खाली आलेलं नाही. बाकी सहाशे नव्याण्णव पाठवले. ढोलकीवाल्याला सांगितलं नाही. वरचे सांगून द्यायचे नसतात, त्यात मजा जाते.

१६ मार्च, रविवार

कमाल झाली! लोक खोक्यावर लिहितायत!

लेकीने मोबाइलवर त्यांची चर्चेची जागा उघडून दिली. या बँडचे चाहते तिथे जमतात. सगळ्यांची नावं मेलेली: 'राख', 'कुजकी', 'थडगे'. थडगे म्हणजे त्यांचा पुढारी, त्याच्या शब्दाला वजन. मी चष्मा लावून दोन तास वाचत होतो. काही इथे उतरवून ठेवतो.

"खोकं उघडायला अकरा सेकंद लागतात. मोजले. झाकण सुटताना आतून कुणीतरी सुस्कारा सोडतं."

"आईने विचारलं, या काळ्यात काही आहे का? म्हटलं, काही नाही, तेच तर आहे."

"दुसऱ्या गाण्याला माझं मांजर कपाटावर चढलं. अजून उतरलं नाही. उत्कृष्ट."

आणि थडगेचं: "कोपरे बघा. कागद हाताने दुमडलाय. हे कुण्या उस्तादाचं काम आहे."

उस्ताद! लोक बूट घेतात, खोकं फेकतात. घड्याळ घेतात, खोकं फेकतात. एकतीस वर्षांत माझ्या कोपऱ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. मी 'पुठ्ठा' नावाने खातं उघडून उत्तर टाकलं: "कोपऱ्याबद्दल आभार. खळ पातळ लावली की कागद सुटत नाही." दोनशे अंगठे आले.

पहिल्या गाण्यातले ठोके कशाचे, यावर त्यांची भांडणं चालू आहेत. एक म्हणतो कबर खणायची कुदळ, एक म्हणतो हाडं. मी गालात हसतोय, पण बोललो नाही. एक नंबरचं खोकं कुणाकडे, हीसुद्धा शोधाशोध चाललीय.

जेवताना मी सगळ्यात चांगलं वाचून दाखवलं: "खोकं इतकं सुंदर आहे की आत गाणी उगाच घातली!"

लेकीने ताटावरून हात उचलला. "भूक नाही," म्हणाली. मी हिला म्हटलं, लेकीला झालं काय? ही म्हणाली, "तुम्ही आमटी घ्या."

२२ मार्च

बोंब झाली.

काल कुणीतरी आपल्या खोक्याचा फोटो टाकला. नंबर सहाशे एकोणनव्वद. मग दुसऱ्याने टाकला, सहाशे एकाहत्तर. त्यावर थडगे: "सहाशे सहासष्ट म्हणजे सहाशे सहासष्ट. छापून शब्द दिला होता. जे आकड्याशी बेइमानी करतात त्यांच्या किंकाळीवर विश्वास कसा ठेवायचा? परत पाठवा सगळ्यांनी." खाली शंभर जण, आम्हीही परत पाठवतो, आम्हीही पाठवतो.

कमी दिल्याची बोंब मी समजू शकतो. जास्त दिल्याची बोंब जन्मात पहिल्यांदा ऐकली.

२४ मार्च, सोमवार

ढोलकीवाला आला. रागावला नाही, तेच जास्त लागलं. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "काका, किती पाठवले होते?"

"सहाशे नव्याण्णव. एक फळीवर."

"पण का?"

मी वरच्यांची रीत सांगितली. तो आधी हसला, मग त्याने डोकं धरलं. तबकड्या बनवणाऱ्यानेही म्हणे वरच्या दिल्या होत्या. त्या बँडवाल्यांनी स्वतःसाठी साध्या पाकिटात ठेवायच्या होत्या. पण पाठवणी करणाऱ्याने तबकडी दिसली, खोकं दिसलं, भरलं आणि विकलं. "आमच्यात कुणाकडे एक उरली नाही. आवाजाकडेही नाही."

"आवाज काय म्हणतो?"

"काही नाही. शनिवारी कार्यक्रम आहे, ठरलाय म्हणून करायचा. मग बंद."

मी म्हटलं, अरे, सरळ माझं नाव सांग. चूक खोकेवाल्याची, म्हण. तो मान हलवत राहिला. "आवाजाची सक्त ताकीद आहे. काही झालं तरी तुमचं नाव कुठे येता कामा नये."

बघा! ज्याने मला कधी पाहिलं नाही, तो स्वतः बुडतोय आणि माझी अब्रू राखतोय. रेडा म्हटलं होतं मी त्याला. सद्गृहस्थ निघाला.

घरी लेक चार दिवस बोलत नाही, खात नाही. शाळेतून येते, भिंतीकडे तोंड करून पडते. मला सगळं कळलं. माझ्या मोबाइलवर ढोलकीवाल्याचा फोन आला की लेक कान देऊन ऐकते. त्यालाच सरळ विचारलं, "माझ्या मुलीबद्दल तुझ्या मनात काही आहे का?"

तो पांढरा पडला. "काका, माझं लग्न झालंय. दोन मुली आहेत. धाकटीचे दात येतायत."

२८ मार्च

ठरवलं. उद्या कार्यक्रमात जाऊन सगळ्यांसमोर सांगायचं. एकतीस वर्षांत माझं एक खोकं परत आलं नाही. आता सहाशे येणार ते दुसऱ्याच्या नावावर? छे. हिला सांगितलं. म्हणाली, "मीही येते." लेकीला सांगू नका म्हणाली. म्हटलं, तिला कशाला, ती आधीच दुःखात.

२९ मार्च, शनिवार

कार्यक्रम दुपारी चारला, एका बंद पडलेल्या गोदामात. दारात पाऊल ठेवलं तर चारशे माणसं काळ्यात. हिने पर्समधून कानात घालायचे बोळे काढले, एक जोडी मला. मी म्हटलं, हे कुठून? "बायकांच्या पर्समध्ये सगळं असतं." बोळे मात्र वापरलेले होते. मी घातले नाहीत. कानांवर माझा धंदा आहे.

लोक हाताची घडी घालून उभे. पुढे काही जण खोकी काखेत घेऊन, फेकायच्या तयारीने. बँड आला. ढोलकीवाला, दोन तारावाले, आणि मधे आवाज: झाडाच्या सालीचा मुखवटा, पायघोळ काळा झगा. शंभर किलोचा अजिबात नाही. मूठभर.

मी मंचावर चढलो. मुखवटा जागच्या जागी थिजला. ढोलकीवाल्याच्या हातातून काठी पडली. मी माइक घेतला.

"मी खोकेवाला. पुठ्ठा."

कुजबुज झाली. "उस्ताद," कुणीतरी म्हणालं.

"यांनी सहाशे सहासष्टच मागितले होते. चौतीस वरचे मी दिले, न सांगता. आमच्या धंद्यात मोजून देणाऱ्याला कंजूष म्हणतात. यांचा शब्द खरा होता, माझा हात सैल. शिव्या द्यायच्या तर मला द्या, आणि यांना गाऊ द्या. म्हणजे ते जे काय करतात ते करू द्या."

लोकांना थोडं हसू आलं. पुढचा एक बुटका चष्मेवाला ओरडला, "शब्द म्हणजे शब्द!" हाच थडगे. औषधांच्या दुकानात असतो, नंतर कळलं.

"बरोबर आहे तुमचं, थडगेसाहेब. ज्यांच्याकडे वरचा आलाय त्यांनी आणून द्यावा. त्यांच्यासमोर म्हातारीखाली घालून चुरा करतो."

"म्हातारी कोण?"

"माझी पंचिंग मशीन. पहिल्या गाण्यात वाजते ती."

थडगेने चष्मा काढला.

"चौथ्या ठोक्याला लंगडते... ती?"

"तीच. दात झिजलाय तिचा. याच खोक्यांचे पुठ्ठे तिने कापलेत."

काय सांगू! "म्हणजे जी गाण्यात आहे तिनेच खोकं..." थडगेने काखेतलं खोकं दोन्ही हातांत घेतलं. एक मुलगी सहाशे एकाहत्तर छातीशी धरून किंचाळली, "मी नाही देणार!" मागून कुणीतरी सुरू केलं, म्हातारी, म्हातारी, आणि चारशे माणसं पाय आपटायला लागली. धाड, धाड, धाड, आणि चौथा मुद्दाम लंगडा. ढोलकीवाल्याने काठी उचलली.

मी खाली उतरून हिच्याशेजारी उभा राहिलो. आवाज माइकपाशी आला. श्वास आत ओढला.

तो मध्येच एकदा अडकला. मग पुन्हा ओढला.

माझे हात आपोआप कानांवर गेले. सव्वीस वर्षांपूर्वीसारखे. आणि मग सुटलं.

मी हिच्याकडे पाहिलं. ही मंचाकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. किती महिने बघत होती कोण जाणे.

३० मार्च

लंगडा ठोका हजार मशिनींत ओळखतो म्हणे.

३१ मार्च, सोमवार

कुणी काही परत पाठवलेलं नाही. उलट चर्चेच्या जागेवर आता वरच्या चौतिसांना वेगळाच भाव आलाय. थडगेने जाहीर केलं, त्याचा तेरा नंबर घेऊन कुणी सहाशे सहासष्टच्या पुढचा देईल का? त्याला कुणी उत्तर देत नाही. ढोलकीवाल्याचा फोन आला: "आवाज म्हणतो, दुसरी काढू. काका, या वेळी मोजून हं."

लेक काल दिवसभर माझ्यासमोरून लपून फिरत होती. मी कळल्याचं दाखवलं नाही, तिने विचारलं नाही. घरात तिघं जण पेपर वाचत होते, पेपर एकच होता.

आज सकाळी लवकर कारखान्यात जाऊन आलो. फळीवरचा एक नंबरचा नग खाली घेतला. एकतीस वर्षांच्या रांगेत पहिलंच खिंडार. मिस्त्रीने पाहिलं, पण विचारलं नाही. त्यालाही केव्हापासून ठाऊक होतं हे आता उघडच आहे. कपाटात राहिलेली पांढऱ्या कागदाची तबकडी आत ठेवली. बसली, अगदी मापात.

घरी येऊन लेकीच्या चहाच्या जागी खोकं ठेवलं, आणि शेजारी मिठाच्या गरम पाण्याचा पेला.

ती शाळेची पिशवी खांद्याला लावून आली. थांबली. खोकं तिरकं धरलं, मुळं दिसेपर्यंत. मग पालथं करून नंबर पाहिला.

"बाबा, हा तर..."

"त्यांच्या आवाजाकडे एकही नाही म्हणे," मी म्हटलं. पेपर खाली केला नाही. "ओळखीचा असेल तर दे त्याला."

झाकण सावकाश वर आलं. सुस्कारा सुटला. तिने आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हनुवटी थरथरली, आणि श्वास आत ओढला. मध्येच अडकला. पुन्हा ओढला.

मी पेपर टाकला आणि दोन्ही कान झाकून घेतले.